‘नवी लेन्स’ म्हणून गळ्यात मारलेला जुना ड्राइव्ह

डिस्क फिरली, लोगो आला, गेमचा मेनू दिसला आणि पैसे हातात पडले. जुन्या गेम कन्सोलच्या ड्राइव्हच्या, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाच्या, व्यवहारात फसवणूक इथेच पूर्ण होते. थकलेला लेझरसुद्धा थंड असताना, स्वच्छ डिस्कवर, दहा-पंधरा मिनिटं नीट वाचतो. विकणाऱ्याला तेवढंच पुरतं. तीन आठवड्यांनी मध्येच येणारे व्हिडिओ अडकायला लागतात, मग लोडिंग लांबतं, मग डिस्क ओळखलीच जात नाही. तोवर परतीची मुदत टळलेली असते आणि उत्तर ठरलेलं असतं: तुमच्या डिस्क खराब आहेत.

आधी ‘नवा’ या शब्दाचा हिशेब लावू. सेगाने आपल्या ड्रीमकास्ट कन्सोलचं उत्पादन २००१ मध्ये थांबवलं. पहिल्या प्लेस्टेशनचं उत्पादन २००६ पर्यंत चाललं. म्हणजे आज ड्रीमकास्टचा ‘ब्रँड न्यू’ ड्राइव्ह दाखवला जातो तेव्हा तो एक तर पडून राहिलेला जुना साठा असतो, नाहीतर दुसऱ्या कन्सोलमधून काढून पुसलेला. पडून राहिलेला साठा क्वचितच मिळतो. प्लेस्टेशनचं वेगळं आहे. त्याच्या केएसएम-४४० मालिकेतल्या ड्राइव्ह यंत्रणांच्या नकला आजही नव्याने बनतात. त्यातल्या काही ठीक चालतात, काहींची डिस्क धरणारी चकती चुकीच्या उंचीवर बसवलेली असते. चकती जरा खाली-वर असली की लेन्सला फोकस सापडत नाही आणि लेझर धडधाकट असूनही डिस्क नुसती गरगरत राहते. नकली म्हणून सांगून विकली तर तक्रार नाही. मूळ सोनीची म्हणून विकली तर ती फसवणूकच.

सगळ्यात जास्त चालणारी युक्ती प्रीसेटची. लेझर पिकअप म्हणजे लेन्स आणि लेझर असलेला, डिस्कखाली सरकणारा भाग. त्याच्या बाजूला, छोट्या सर्किटवर, स्क्रूड्रायव्हरने फिरवून रोध बदलायचा एक बारीक प्रीसेट असतो. लेझरचा उजेड देणाऱ्या डायोडला किती करंट मिळावा हे त्याच्यावर ठरतं आणि कारखान्यात तो प्रत्येक पिकअपसाठी वेगळा लावलेला असतो. डायोड म्हातारा झाला की उजेड कमी पडतो. प्रीसेट फिरवून रोध कमी केला की करंट वाढतो, उजेड वाढतो आणि काल मेलेला ड्राइव्ह आज वाचायला लागतो. हा उपाय स्वतःच्या कन्सोलवर, शेवटचा पर्याय म्हणून, समजून उमजून केला तर त्यात गैर काही नाही. पण वाढीव करंटवर म्हातारा डायोड आणखी भराभर झिजतो, म्हणून असा ड्राइव्ह ‘रिफर्बिश्ड, टेस्टेड’ म्हणून विकणं म्हणजे उरलेलं आयुष्य जाळून उजेड दाखवणं.

ही खोड पकडता येते. भिंग आणि टॉर्च घ्या. प्रीसेटच्या खाचेत ताजा, चमकणारा ओरखडा दिसला तर तो फिरवलेला आहे. ड्राइव्ह सुटा असताना मल्टीमीटरने प्रीसेटचा रोध मोजून आकडा लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर ‘तुम्हीच फिरवला’ या आरोपाला तो आकडा आणि त्या दिवशीचा फोटो उत्तर देतात. आणखी खुणा बघा. पिकअप ज्या सळईवर सरकतो तिच्यावर घासल्याचा पट्टा, दात्यांच्या कडेला काळपट पडलेलं ग्रीस, स्क्रूंच्या डोक्यावर ओरखडे, रबरी बुशांवर दाबाचा ठसा. नव्या भागावर यातलं काहीच नसतं. वरून भरपूर पांढरं ग्रीस थापलेलं असेल तर जास्त संशय घ्या. कारखान्यात ग्रीस अगदी पातळ लावतात.

आता सोल्डरच्या थेंबाकडे या, कारण त्यावर प्रामाणिक माणसंही अडकतात. लेझर डायोड स्थिर विजेने सहज मरतो, म्हणून बऱ्याच नव्या पिकअपवर दोन टोकं सोल्डरच्या थेंबाने जोडून पाठवतात. थेंब काढल्याशिवाय लेझर पेटतच नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो ड्राइव्ह बसवतो, काही चालत नाही, माल मेलेला समजतो. ज्याला ठाऊक आहे तो थेंब काढतो, ड्राइव्ह खरोखरच खराब निघतो आणि विक्रेता म्हणतो: सोल्डरिंग केलंत, आता परत घेणार नाही. भाग तपासायचा तर थेंब काढावाच लागतो आणि काढला की वॉरंटी गेली, असा हा कोंडमारा. म्हणून विकत घेण्याआधीच लेखी विचारा: ‘सुरक्षेचा सोल्डर काढून तपासल्यावर परतावा मिळेल का?’ उत्तर टाळलं तर तिथून घेऊ नका. थेंब काढायला बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी पुरते. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर खालची पट्टी उचलली जाते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा हवाच. उलट, ‘सीलबंद नवा’ म्हणून आलेल्या भागावर त्या जागी फ्लक्सचा (सोल्डर करताना वापरायच्या राळेसारख्या पदार्थाचा) पिवळट डाग आणि वितळून काढलेल्या सोल्डरचे अवशेष असतील तर तो याआधी कुठेतरी बसून आला आहे.

क्रमांकांच्या गोंधळाचाही फायदा घेतला जातो. सोनीच्या भागांत ‘केएसएस’ म्हणजे नुसता पिकअप आणि ‘केएसएम’ म्हणजे पिकअप, मोटारी, दाते, चौकट अशी पूर्ण यंत्रणा. जाहिरातीत फोटो पूर्ण यंत्रणेचा आणि पाकिटात नुसता पिकअप, हे सर्रास होतं. पुढची अक्षरंही महत्त्वाची. केएसएम-४४०बीएएम ही शेवटच्या काळातल्या प्लेस्टेशनची यंत्रणा. ‘सगळ्या मॉडेलला बसते’ म्हणून ती एससीपीएच-१००० मालिकेच्या, म्हणजे सगळ्यात पहिल्या प्लेस्टेशनच्या, मालकालाही विकली जाते. जुन्या मदरबोर्डवर फोकस आणि ट्रॅकिंगचं गेन-बायस, म्हणजे लेझरची बारीक जुळणी, हाताने लावायचे प्रीसेट असतात. लेझर बदलला की ते पुन्हा जुळवावे लागतात. एससीपीएच-५५०० च्या पिढीपासून हे काम कन्सोल स्वतः करतो. जुन्या बोर्डवर जुळणी न करता कुठलाही लेझर बसवला तर तो अडखळणारच, आणि इथे विक्रेता व गिऱ्हाईक दोघंही एकमेकांना खोटं ठरवत बसतात.

त्या पहिल्या मॉडेलबद्दल एवढं तर माहीत हवंच: कन्सोल उलटा किंवा कुशीवर ठेवला की चालत असेल तर लेझर बहुधा जिवंत आहे. त्यात पिकअप प्लास्टिकवर सरकतो, शेजारीच पॉवर सप्लायची उष्णता, आणि झिजलेल्या प्लास्टिकवर पिकअप तिरका होतो. पुढच्या मॉडेलमध्ये सोनीने ड्राइव्ह पॉवर सप्लायपासून लांब नेला तो उगीच नाही. अशा कन्सोलचा प्रीसेट फिरवून ‘दुरुस्त’ करणारा तुमचा चांगला डायोड खराब करून देतो.

ड्रीमकास्टमध्ये फसवणूक जास्त सफाईने होते. विक्रेता व्हिडिओ पाठवतो: ऑडिओ सीडी वाजते आहे, किंवा राइट केलेल्या सीडीवरून गेम चालू होतो आहे. यातून ड्राइव्हची पूर्ण ताकद कळत नाही. ड्रीमकास्टच्या मूळ गेमची डिस्क म्हणजे जीडी-रॉम. तिचा आतला थोडा भाग साध्या सीडीच्या घनतेचा असतो आणि खरा गेम बाहेरच्या दाट भागात, जवळजवळ एक गिगाबाइट. डिस्क उजेडात तिरकी धरली की दोन भागांमधली कडी दिसते. कमजोर लेझर सीडी वाचतो आणि दाट भागावर हार मानतो. म्हणून मागणी एकच करा: मूळ जीडी-रॉम, कन्सोल बंद असल्यापासून गेम सुरू होऊन काही मिनिटं खेळेपर्यंत, न तोडलेला एकच व्हिडिओ, शेजारी तारीख आणि तुम्ही सांगितलेला शब्द लिहिलेली चिठ्ठी. उलट्या बाजूनेही सावध राहा. शेवटच्या काळात बनलेल्या काही ड्रीमकास्टमध्ये राइट केलेली सीडी चालण्याची सोयच काढलेली होती, त्यामुळे ‘सीडी चालत नाही म्हणजे ड्राइव्ह गेला’ असं सांगून कोणी नवा विकत असेल तर विश्वास ठेवू नका. शिवाय ड्रीमकास्टच्या मदरबोर्डच्या आवृत्त्या आहेत: व्हीए० बोर्डचा ड्राइव्ह ५ व्होल्टचा आणि व्हीए१ चा ३.३ व्होल्टचा. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कन्सोलखालच्या स्टिकरवर वर्तुळात ०, १ किंवा २ असा बोर्डच्या आवृत्तीचा आकडा असतो. खोकं बदललेलं नसेल तर तो खरा मानावा.

दुरुस्तीला दिलेल्या कन्सोलबाबत दोन गोष्टींची मनापासून चीड येते. पहिली, न बिघडलेला ड्राइव्ह बदलून घेतलेली मजुरी. ड्रीमकास्ट गेममध्येच रीसेट होऊन मेनूवर येत असेल तर ड्राइव्हच्या आधी पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या पिना बघायच्या असतात. त्यांच्यावर गंज-मळी चढली की व्होल्टेज क्षणभर पडतं. कन्सोलचा प्लग काढा, सप्लाय बोर्ड उचला, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा बसवा. अर्ध्या तासाचं काम. लेन्सवरची धूळही तशीच: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी जेमतेम ओली, दाब अजिबात नाही, मधून बाहेर गोल. लेन्स प्लास्टिकची असते, ॲसिटोन किंवा थिनर लागला की ती पांढुरकी होऊन कायमची जाते. मग पट्टी केबल काढून पुन्हा सरळ खोचा, जुनं सुकलेलं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं नवं ग्रीस मोहरीएवढं लावा, तीन वेगवेगळ्या डिस्क घालून बघा. एवढं केल्याशिवाय नव्या ड्राइव्हला हात घालू नका.

दुसरी चीड भागांच्या अदलाबदलीची. तुमचा चांगला ड्राइव्ह निघून जातो आणि कुणाचा तरी थकलेला आत बसतो. देण्याआधी ड्राइव्हच्या चौकटीवर आतल्या बाजूला नेलपेंटचा बारीक ठिपका द्या, लेबलवरच्या क्रमांकाचा फोटो घ्या आणि पावतीवर ‘काढलेला भाग परत’ असं लिहून घ्या. हे लिहून द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून कन्सोल तसाच परत आणा.

डिस्कच नको म्हणून ड्राइव्हच्या जागी मेमरी कार्ड वाचणारा बोर्ड बसवणारे खूप आहेत. ड्रीमकास्टसाठी जीडीएमू हे त्यातलं सर्वात माहितीचं नाव आणि त्याच्या नकला त्याच नावाने विकल्या जातात. नकली बोर्डवर मूळ फर्मवेअर (बोर्ड चालवणारा आतला प्रोग्रॅम) चढवायला गेलात तर तो कायमचा बंद पडू शकतो. हा बोर्ड व्हीए१ वरच चालतो आणि जाहिरातीत ते अनेकदा लिहिलेलं नसतं. ड्राइव्ह काढल्यावर १२ व्होल्टच्या लाइनवर भार राहत नाही आणि मूळ पॉवर सप्लाय जास्त तापतो, हेही विक्रेता सांगत नाही. सेगाच्याच सॅटर्न कन्सोलमध्ये ड्राइव्हची पट्टी केबल २० पिनांची किंवा २१ पिनांची असते, म्हणून खोकं उघडून पिना मोजल्याशिवाय बोर्ड मागवू नका. सोबत ‘फुकट’ आलेलं कार्ड आधी तपासा: लिहिलेली क्षमता मोठी आणि आत जागा छोटी अशी कार्डं भरपूर फिरतात. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हा प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचतो आणि खोटेपणा उघडा पाडतो. कार्ड मोठं असेल तर रात्रभर लागेल, लागू द्या.

ड्राइव्ह हातात आला की परतीच्या मुदतीतच त्याला घाम फोडायचा. पाकीट उघडताना व्हिडिओ, मग प्रीसेटचा फोटो आणि रोधाचा आकडा. बसवल्यावर पहिली चाचणी कन्सोल रात्रभर बंद राहिल्यानंतरची. प्लेस्टेशनमध्ये सत्तर मिनिटांच्या आसपासची मूळ ऑडिओ सीडी घालून पहिलं गाणं, लगेच शेवटचं, पुन्हा पहिलं, असं वीसेक वेळा. शेवटचं गाणं डिस्कच्या बाहेरच्या कडेला असतं आणि पिकअप पूर्ण लांबी सरकतो, म्हणून झिजलेले दाते इथे अडकतात. मग व्हिडिओ जास्त असलेला गेम सलग दोन तास. तापल्यावर व्हिडिओतला आवाज तुटायला लागला तर लेझर थकलेला आहे किंवा कोणीतरी ताणलेला आहे. अर्धा तास थंड करून पुन्हा तेच. तीन दिवस हे करा. झाकण उघडं ठेवून, झाकणाचा स्विच दाबून लेन्सकडे बघत बसू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य असतो, आणि फिकट लाल ठिपका दिसला म्हणजे तो निरुपद्रवी आहे असं नाही.

खोट सापडली की तिथेच थांबा. ‘प्रीसेट जरासा फिरवून बघा’ असा सल्ला विक्रेत्याकडून हमखास येतो. तो ऐकला की ओरखडा तुमचा होतो आणि परतावा बुडतो. बोलणं ज्या ठिकाणी सौदा झाला तिथल्याच संदेशांत ठेवा. बाहेरच्या नंबरवर ‘अर्धे पैसे पाठवतो, तक्रार मागे घ्या’ म्हटलं तरी आधी पैसे, मग पुढचं.

आणि ‘जुना ड्राइव्ह द्या, थोडी सूट देतो’ या बोलीला हो म्हणू नका. ज्याचा प्रीसेट कधी कुणी फिरवला नाही असा तुमचा जुना ड्राइव्हच उद्या पुसून दुसऱ्याला ‘नवा’ म्हणून जायचा असतो. शिवाय त्याचे दाते, चकती, मोटार, रबरी बुश, पट्टी केबल पुढे उपयोगी पडतात, आणि नवा खोटा निघाला तर कन्सोल पुन्हा उभा करायला तोच हाताशी असतो. लेन्सवर धूळ बसणार नाही असा अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, वर मॉडेल क्रमांक आणि प्रीसेटच्या रोधाचा आकडा लिहा, आणि कोरड्या जागी ठेवून द्या.