मऊ पाठीचे कासव: नदीतले आणि टाकीतले

घरात कासव आणावे का, आणि आणायचे तर कोणते, या विचारात असलेल्या पुणेकरापुढे सहसा दोन पर्याय येतात: नदीकाठी कोणीतरी ‘जाळ्यात सापडले’ म्हणून देऊ करतो ते मऊ पाठीचे कासव, आणि माशांच्या दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकी ‘रेड इअर्ड स्लायडर’.

पहिल्याचे पुण्याशी जुने नाते आहे. निल्सोनिया लीथाय हे शास्त्रीय नाव असलेल्या या जातीचे पहिले वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८७२ साली केले, ते पुण्याच्या नमुन्यावरून. गोदावरी, कृष्णा, कावेरी अशा दख्खनच्या नद्या हे त्याचे घर. पाठीवर खवले नसून कातडी असते आणि तिची कड दाबली तर वाकते. पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार ठिपके असतात; वयाबरोबर ते पुसट होत जातात. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ ६० सेंटिमीटरपर्यंत भरते. नदीत ते स्वतःला वाळूत पुरून घेते, लांब मान वर काढून सोंडेसारख्या नाकाने हवा घेते, आणि पाण्यातला थोडा प्राणवायू कातडीतून व घशाच्या अस्तरातूनही शोषते. मांसासाठी होणारी शिकार आणि वाळूउपसा यांमुळे आज ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते.

नदीत उपयोगी पडणारी हीच कातडी टाकीत त्याच्या जिवावर उठते. दुकानातल्या रंगीत खड्यांवर ती खरचटते, जखमेत जंतुसंसर्ग होतो आणि साचलेल्या पाण्यात तो बळावतो. बारीक वाळूचा जाड थर, मोठा हौद आणि सतत गाळलेले पाणी एवढी सोय प्राणिसंग्रहालयाला जमते, सदनिकेत जमणे अशक्यच. शिवाय ते चावते, आणि मान मागे वळवून चावते, त्यामुळे पाठीकडून उचलणाऱ्यालाही अभय नाही. या साऱ्याआधी कायदा आहे: वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतीय कासवे पकडणे, विकणे वा घरी पाळणे गुन्हा आहे. म्हणून हा पर्याय माझ्या मते पर्यायच नव्हे.

मग स्लायडर सोपे का? दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार आणि प्लॅस्टिकच्या माडाखाली बसलेले दिसते. तेच कासव, मादी असल्यास, २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगते. ऊन खायला कोरडी जागा, अतिनील दिवा आणि दमदार फिल्टर त्याला लागतोच. दिव्याविना कवच ठिसूळ आणि वेडेवाकडे होते. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात हात धुण्याची शिस्त हवी. माझ्या शेजाऱ्यांनी मुलीच्या हट्टापायी आणलेले स्लायडर तिसऱ्या वर्षी न्हाणीघरातल्या टबात पोहोचले. मुलगी आता शिकायला परगावी आहे आणि पाणी आजोबा बदलतात.

एवढी तयारी असेल तरच स्लायडरचा विचार करावा, आणि तोही आयुष्यभरासाठी. कंटाळा आल्यावर ते देवळाच्या तळ्यात सोडण्याचा आपल्याकडचा पुण्यमार्ग घातक आहे, कारण जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव असून ते स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. मऊ पाठीचे कासव मात्र कोणी देऊ केले तर ‘सोडवण्यासाठी’ म्हणूनही विकत घेऊ नये, कारण दुसऱ्या दिवशी जाळे पुन्हा लागते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.