फुटसाल समजून घ्यायचं तर युरो बघावा की विश्वचषक?

मुंबई-पुण्याच्या टर्फवर आठवड्यातून एकदा-दोनदा फाइव्ह-अ-साइड खेळणाऱ्या अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो. खरं फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचं इनडोअर फुटबॉल, बघून काही शिकावं असं वाटतं, पण नोकरी, कॉलेज, घर सांभाळून रात्री जागायचं तर सगळंच बघणं होत नाही. राष्ट्रीय संघांच्या दोन मोठ्या स्पर्धा समोर असतात: युरोपीय देशांची युएफा फुटसाल युरो आणि फिफाचा फुटसाल विश्वचषक. दोन्ही चार वर्षांतून एकदा होतात. माझं मत आधीच सांगतो. खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून शिकायचं असेल, तर युरो. या खेळाची नुसती गोडी लागावी एवढंच हवं असेल, तर विश्वचषक.

आकाराने विश्वचषक मोठा आहे. 2012 पासून त्यात 24 संघ असतात आणि एकूण 52 सामने होतात. युरो बराच काळ आठ संघांचा होता, 2010 मध्ये हंगेरीत तो 12 संघांचा झाला आणि 2022 मध्ये नेदरलँड्समध्ये 16 संघांचा. म्हणजे 32 सामने. हे आकडे महत्त्वाचे आहेत, कारण विश्वचषकात सगळ्या खंडांना जागा द्यावी लागते आणि त्यामुळे संघांच्या ताकदीत फार मोठी तफावत पडते. 2008 च्या विश्वचषकात रशियाने सॉलोमन बेटांच्या संघाला 31-2 असं हरवलं होतं. आता इतकं टोकाचं होत नाही, तरी 2024 मध्ये ब्राझीलने क्युबावर 10-0 असा विजय मिळवलाच. अशा सामन्यांत सुंदर गोल दिसतात, पण निर्णय दिसत नाहीत. कुस्तीत जोड तोलामोलाची लागली तरच डाव आणि प्रतिडाव बघायला मिळतात, एकतर्फी लढत मिनिटात निकाली निघते. फुटसालचंही तसंच आहे.

युरोत ही तोलामोलाची जोड पहिल्या फेरीपासून सापडते. 2022 मध्ये फिनलंड पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला आणि त्याच्याच गटात इटली होता, दोन वेळचा युरोपविजेता. फिनलंड उपांत्यपूर्व फेरीत गेला, इटली गटातच संपला. पुढे फिनलंडने गतविजेत्या पोर्तुगालला 3-2 पर्यंत झुंजवलं. हाच इटली 2021 आणि 2024 या दोन्ही विश्वचषकांना पात्रच ठरला नाही. दोन्ही वेळी युरोपचे सातच संघ तिथे होते. म्हणजे विश्वचषक बघणाऱ्याला युरोपातली खोली पूर्ण कळतच नाही.

आता टर्फवाल्यांनी नेमकं काय बघायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण युरोची बाजू मी इथेच सर्वांत जोरात मांडेन. आपल्याकडच्या टर्फला चहूबाजूंनी जाळी असते. चेंडू जाळीला लागून परत येतो, खेळ थांबत नाही, फाउल कोणी मोजत नाही. फुटसालचं मैदान 40 बाय 20 मीटरचं, कडेला रेषा, चेंडू चार नंबरचा आणि कमी उसळणारा. 20-20 मिनिटांचे दोन भाग असतात, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं, म्हणून सामना सहज दीड तास चालतो. किक-इन, म्हणजे कडेच्या रेषेवरून चेंडू पायाने आत टाकणं, चार सेकंदांत घ्यावी लागते. प्रत्येक भागात संघाचे फाउल जमा होत जातात आणि सहाव्यापासून पुढे प्रतिस्पर्ध्याला भिंतीशिवाय थेट फ्री किक मिळते, 10 मीटरच्या खुणेवरून. पाच फाउल झालेला संघ शेवटची आठ मिनिटं कसा बचाव करतो, पाय पुढे टाकायचा की मागे सरकायचा हे कसं ठरवतो, हे बघण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. पण असा बचाव करण्याची वेळ फक्त तोलामोलाच्या सामन्यातच येते.

2018 च्या युरोचा, स्लोव्हेनियात लुब्लियानाला झालेला अंतिम सामना याचं उत्तम उदाहरण आहे. कर्णधार रिकार्दिन्योने पहिल्याच मिनिटात पोर्तुगालला आघाडी मिळवून दिली. स्पेनने बरोबरी केली, मग 2-1 अशी आघाडी घेतली. शेवटच्या दोन मिनिटांत ब्रुनो कोएल्योने पुन्हा बरोबरी साधली. जादा वेळेत रिकार्दिन्यो जखमी होऊन बाहेर गेला. जादा वेळेत दुसऱ्या भागातले फाउल पुढे मोजले जातात, त्यामुळे दोन्ही संघ दबकून खेळत होते. आणि वेळ संपत आली असताना त्याच 10 मीटरच्या खुणेवरून कोएल्योने गोल केला, 3-2. पोर्तुगालचं हे पहिलं युरो विजेतेपद. तोवर झालेल्या 10 स्पर्धांपैकी सात स्पेनने जिंकल्या होत्या, दोन इटलीने आणि एक रशियाने, 1999 साली ग्रानादात.

चार वर्षांनी पोर्तुगालकडे रिकार्दिन्यो नव्हता, तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता. उपांत्य फेरीत स्पेनने 2-0 आघाडी घेतली, पोर्तुगालने 3-2 ने सामना काढला. ॲमस्टरडॅमच्या झिगो डोममध्ये अंतिम फेरीत रशियाविरुद्ध पुन्हा 0-2 आणि पुन्हा विजय, 4-2. प्रशिक्षक जॉर्ज ब्राझ यांचा संघ दोन गोलांनी मागे पडल्यावरही घाईघाईने लांब चेंडू मारत नाही, चौघा मैदानी खेळाडूंची सतत जागा बदलणारी रचना मोडत नाही. आपल्या टर्फवर दोन गोल खाल्ले की पहिल्यांदा रचनाच मोडते, म्हणून हे दोन सामने मला सलग दाखवावेसे वाटतात. त्यात पिव्हट, म्हणजे सर्वांत पुढचा आक्रमक, म्हणून झिकीला बघा. पाठ गोलाकडे, अंगावर बचावपटू, तरी चेंडू पायाखाली धरून तो सहकाऱ्याला वर यायला वेळ मिळवून देतो. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

त्या स्पर्धेतला दुसरा उपांत्य सामना रशिया आणि युक्रेन यांच्यात झाला, 3-2 असा रशियाने जिंकला. अंतिम सामना 6 फेब्रुवारीला झाला. युद्ध सुरू झाल्यावर 28 फेब्रुवारीला रशियन संघांवर फिफा आणि युएफाने बंदी घातली. युरोच्या अंतिम सामन्यात सहा वेळा हरलेला आणि एकदा जिंकलेला हा संघ त्यानंतर 2024 चा विश्वचषक आणि 2026 चा युरो या दोन्हींतून बाहेर राहिला. जुने आणि नवे सामने शेजारी ठेवून बघणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, ताकदीचं गणित त्यामुळे बदललं आहे.

गोलरक्षकांसाठी तर युरोच. कझाकस्तानचा गोलरक्षक इगिता मूळचा ब्राझीलचा. नियमानुसार गोलरक्षकाने चेंडू सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय स्वतःच्या अर्ध्या भागात त्याला पुन्हा पास देता येत नाही. इगिता त्यावर उपाय म्हणून सरळ समोरच्या अर्ध्या भागात जातो आणि पाचवा खेळाडू होतो. इतर संघ हे शेवटच्या मिनिटांत, पिछाडीवर असताना करतात. कझाकस्तानने ते संपूर्ण सामन्याचं हत्यार बनवलं आणि 2016 मध्ये बेलग्रेडला पहिल्याच युरोत तिसरा क्रमांक मिळवला.

मग विश्वचषक कशासाठी बघायचा? ब्राझील आणि अर्जेंटिनासाठी. 2024 मध्ये ताश्कंदला ब्राझीलने अर्जेंटिनाला 2-1 हरवून सहावा विश्वचषक जिंकला. एकास एक अशा परिस्थितीत बचावपटूला चकवण्याची त्यांची सहजता युरोपात क्वचित दिसते, जरी युरोपच्या अनेक संघांत ब्राझीलमध्ये जन्मलेले खेळाडू असले तरी. शिवाय धक्के तिथेही बसतात. त्याच स्पर्धेत स्पेन व्हेनेझुएलाकडून आणि पोर्तुगाल कझाकस्तानकडून पहिल्याच बाद फेरीत हरले.

आणि एक कारण आपल्यासाठी खास आहे. विश्वचषकात आशिया दिसतो. इराणने 2016 मध्ये ब्राझीलला बाहेर काढून तिसरा क्रमांक घेतला, व्हिएतनामने त्याच वर्षी पदार्पणात बाद फेरी गाठली. भारताचा पुरुष फुटसाल संघ 2023 मध्ये ताजिकिस्तानच्या दुशान्बेला आशियाई पात्रता सामन्यांत प्रथमच उतरला. आपल्याला उद्या ज्यांच्याशी खेळायचं आहे ते स्पेन नव्हेत, हे संघ आहेत. देशाच्या फुटसालचा विचार करणाऱ्या प्रशिक्षकाने म्हणून विश्वचषकातले आशियाई सामने सोडू नयेत. 2016 मध्ये भारतात झालेल्या प्रीमियर फुटसाल लीगमध्ये गोव्याकडून रोनाल्डिन्योने एकाच सामन्यात पाच गोल केले तेव्हा गर्दी जमली होती, पण त्यातून खेळाची शिस्त शिकता येत नाही.

मुलींच्या संघाला शिकवत असाल तर निवड उलटी आहे. महिलांच्या युरोची अंतिम फेरी 2019, 2022 आणि 2023 मध्ये केवळ चार संघांची झाली. पहिला महिला विश्वचषक 2025 मध्ये फिलिपाइन्सला झाला, 16 संघांचा, आणि ब्राझीलने पोर्तुगालला हरवून तो जिंकला. तोच बघा.

वेळेचंही बघून घ्या. युरो जानेवारी-फेब्रुवारीत होतो आणि मध्य युरोपचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेचार तास मागे असतं, त्यामुळे तिथला रात्री आठचा सामना आपल्याकडे साडेबाराला. विश्वचषकाची वेळ यजमानावर ठरते. ताश्कंद फक्त अर्धा तास मागे होतं. थेट बघणं जमलं नाही तरी फुटसालचं फार बिघडत नाही, उलट थांबवून, मागे नेऊन बघता येतं.

आधी 2018 चा अंतिम सामना बघा, निकाल माहीत असला तरी. मग 2022 ची पोर्तुगाल-स्पेन लढत, फक्त चेंडू नसलेल्या खेळाडूंकडे लक्ष ठेवून. मग कझाकस्तानचा कुठलाही सामना. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल, तर मात्र त्याला सोबत घेऊन 2024 च्या विश्वचषकाचा ब्राझील-अर्जेंटिना सामना आधी लावा.