मंडळाच्या वह्या: रिसायकल घ्यायच्या की नेहमीच्या पांढऱ्या?

वह्यावाटपाची ऑर्डर द्यायची वेळ आली की सांगलीत काय नि साताऱ्यात काय, मंडळात एक जण म्हणतोच रिसायकलच्या घेऊ, झाडं वाचतात, आणि दुसरा म्हणतो तो मळकट कागद पोरांना आवडत नाही. माझं मत आधीच सांगतो, रिसायकलच घ्या, पण झाडांसाठी नाही.

कारण आपल्याकडच्या पेपर मिलचं लाकूड बहुतेक शेतकऱ्यांनी लावलेल्या सुबाभूळ-निलगिरीचं असतं, कोयनेचं जंगल तोडून कोणी वह्या करत नाही, त्यामुळे फ्लेक्सवर 'इतकी झाडं वाचवली' लिहायच्या भानगडीत पडू नका. खरा फायदा पाणी आणि एनर्जीचा. लाकडाचा लगदा करायला ते केमिकलमध्ये शिजवावं लागतं, रद्दी पाण्यात भिजवून घुसळली की लगदा तयार. शिवाय तीच रद्दी कचरा डेपोत कुजली तर मिथेन सुटतो, तोही टळतो.

आता दुसरी बाजू. छापील रद्दीची शाई काढायला केमिकल लागतंच, मागे शाईचा गाळ उरतो, आणि मिलने सांडपाण्यावर नीट प्रक्रिया केली नाही तर ते कुठं जातं हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. कार्बनचं गणितपण एकतर्फी नाहीये बरं का, लाकडाच्या मोठ्या मिल लगद्यातून निघालेलं काळं द्रावण जाळून वाफ-वीज करतात आणि रद्दीवाल्या मिलला ती सोय नसते, तिथं बऱ्याचदा कोळसा जळतो. आणि कागदाचा धागा दर रिसायकलला आखूड होत जातो, साधारण 5 ते 7 वेळा फिरला की संपला, मग नवा लगदा मिसळावाच लागतो. म्हणजे व्हर्जिन, नव्या लगद्याचा कागद पूर्ण बंद होऊच शकत नाही.

ऊसपट्टा आहे म्हणून कोणीतरी बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या कागदाचं नाव काढणारच. कागद चांगला असतो, पण एक टन उसातून जेमतेम 280-300 किलो ओला बगॅस निघतो आणि आपले कारखाने तोच बॉयलरला जाळून वीज विकतात, तो कागदाला दिला तर बॉयलरला दुसरं काहीतरी जाळावं लागणार.

वापराचं म्हणाल तर बॉलपेनला रिसायकल कागद मस्त, शाईपेनची शाई मात्र पसरते. तासगावच्या बेदाण्याचे बॉक्स घ्या, असल्या तपकिरी पुठ्ठ्यात बहुतेक रद्दीच असते, तिथं कोणी रंगाची तक्रार करतं का? सोसायटीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे मीटिंगच्या नोंदींची वही मात्र चांगल्या कागदाचंच घ्या, ते वर्षानुवर्षं टिकायला हवं. भडंग किंवा वडापाव पेपरात बांधून देणं हे रिसायकलिंग नव्हे, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने छापील कागदात खाण्याचं बांधू नका म्हणून सांगितलंय.

ऑर्डर देताना विक्रेत्याला विचारा, वापरून झालेली रद्दी किती टक्के? कारण मिलमधलीच कात्रणं परत लगद्यात घालूनसुद्धा 'रिसायकल' असा शिक्का मारणारे आहेत. जीएसएम, म्हणजे कागद किती जाड-वजनदार ते विचारा, आणि एक शंभर पानी वही आणून दोन्ही बाजूंनी लिहून बघा, मागं उमटत असेल तर पोरं एकच बाजू वापरणार आणि सगळा हिशोब उलटा.

आणि हो, गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं गोळा करून बाइंडरकडं दिली तर ना मिल लागते ना नवा कागद, पण त्यावर मंडळाचा फोटो छापता येत नाही म्हणून ही आयडिया कुठल्याच मीटिंगमध्ये पास होत नाही.