पोत्यावर 22 टक्के प्रोटीन, आत तूस आणि युरिया

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर भागात दुधाचा धंदा करणाऱ्यांनी हे जरूर वाचा, आणि जे वाचू शकत नाहीत त्यांना सांगा.

आमच्या गावात टेम्पोतून गोळी पेंड विकायला एक जण यायचा. दुकानापेक्षा भाव कमी, पोतं दारात उतरवून देणार, पैसे दुधाचं बिल आल्यावर. पावती मागितली की म्हणायचा, "घरच्या माणसाला कसली पावती अण्णा?" पहिला माल खरोखर चांगला होता. गाव विश्वासानं घ्यायला लागलं तसा माल बदलला. पोतं तेच, छपाई तीच, फक्त तोंडाची शिवण आता हातानं घातलेली असायची.

गाई पेंड हुंगून तोंड फिरवू लागल्या. दूध घटलं, डेअरीत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दोन्ही कमी लागायला लागलं. शेण पातळ, त्यात भाताचं तूस जसंच्या तसं. गाभण राहावी म्हणून भरवलेली गाय परत माजावर यायची. एके सकाळी पेंड खाऊन थोडा वेळ झाला नाही तोच आमची ताजी व्यालेली गाय थरथरायला लागली, तोंडाला फेस, डावी कूस टम्म फुगलेली. डॉक्टर वेळेवर पोचले, थंड पाण्यात व्हिनेगर घालून पाजलं, म्हणून वाचली. शेजारच्यांची गाय गेली. कर्ज काढून घेतलेली गाय होती ती.

यातली लबाडी समजून घ्या. पेंडेतली प्रथिनं तपासताना नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 नं गुणतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे 100 किलो भुशात 1 किलो युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ 3 टक्के प्रथिनं वाढली! वरून मळी मारली की रंग आणि वासही येतो. मोठ्या जनावराला मोजका युरिया पचतो, पण त्याच्यासोबत मका, भरडा असं ताकदीचं खाद्य लागतं. नुसत्या तुसात ते कुठून येणार? मग युरियाचा पोटात अमोनिया होऊन साठतो आणि रक्तात उतरतो. वासराला तर युरिया अजिबात चालत नाही.

नवीन पोतं फोडलं की मूठभर पेंड काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळू द्या. वाळू तळाला बसते, तूस वर तरंगतं. त्याच पाण्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकून झाकून ठेवा. युरिया जास्त असेल तर झाकण काढताच अमोनियाचा वास नाकात जातो. पेंडेला बुरशी दिसली तर ती स्वस्तातही घेऊ नका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात. जनावराला त्रास झाला तर 1962 या जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या नंबरला फोन लावा.

टेम्पो महाराष्ट्र पासिंगचा होता, त्यामुळं तक्रार कुठं करायची यावरच गावात वाद झाला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, तक्रार करता येते, विकणारा सीमेपलीकडचा असला तरी. पण हातात पुरावा पाहिजे. पावती घ्या, पोत्यावरचं लेबल आणि बॅच नंबर जपून ठेवा, आणि प्रत्येक खेपेतली किलोभर पेंड कोरड्या डब्यात तारीख लिहून बाजूला काढा. तो टेम्पो आमच्याकडं यायचा बंद झालाय, आता दुसऱ्या कुठल्या गावात फिरत असेल.