ढेकूण घालवायचे तर उष्णता, औषध की भुकटी?

घरात ढेकूण दिसला की बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी एखादा स्प्रे येतो. गादीवर सढळ हाताने मारला जातो, चार-दोन मेलेले ढेकूण दिसतात आणि सुटलो असं वाटतं. पंधरा दिवसांनी अंगावर पुन्हा गांधी उठतात. स्प्रे खोटा नसतो. समोर आलेले ढेकूण त्याने मारलेले असतात, फटीतली अंडी मात्र जशीच्या तशी राहिलेली असतात.

म्हणून कुठलाही उपाय निवडताना माझ्या मते पहिला प्रश्न एकच: अंड्यांचं काय? मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, आयुष्यात दोनशेच्या वर सहज. अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, मोत्यासारखं पांढरट, आणि लाकडाला किंवा कापडाला डिंक लावल्यासारखं चिकटवलेलं. घरातल्या नेहमीच्या उबेत ते सहा ते दहा दिवसांत फुटतं. बाहेर आलेलं पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला रक्त लागतं. पूर्ण वाढलेला ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने काढतो, थंड जागेत त्याहूनही जास्त. त्यामुळे महिनाभर खोली बंद ठेवून काही साधत नाही.

आधी खात्री: ढेकूणच आहेत ना?

नुसत्या चाव्यांवरून निदान करू नका, डॉक्टरांनाही ते जमेलच असं नाही. एका ओळीत तीन-चार चावे म्हणजे ढेकूण, असं सर्रास म्हटलं जातं, पण ते भरवशाचं नाही. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचं अंग सुजतं आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, असंही घडतं. काहींना गांधी उठायलाच कित्येक दिवस लागतात. तरी तुलनेपुरतं एवढं लक्षात ठेवा. पिसवा बहुतेक पायाच्या घोट्याभोवती चावतात आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर आधी त्यांचा संशय घ्यावा. खरजेत बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कंबरेला खाज असते, ती रात्री वाढते आणि अंथरूण बदललं तरी सुटत नाही. तिथे त्वचारोगतज्ज्ञच हवेत. ढेकूण उघड्या राहिलेल्या अंगावर चावतात: हात, मान, चेहरा, खांदे.

खरा पुरावा पलंगात सापडतो. टॉर्च आणि एक जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या. चादर काढा, गादीच्या कडेची शिवण बोटांनी उलगडा आणि त्या खाचेतून कार्ड हळूहळू ओढत न्या. आधी दिसतील ते काळे ठिपके, शाईच्या पेनाची निब टेकवल्यासारखे. ओल्या कापडाने पुसले तर ते तपकिरी-लालसर पसरतात, कारण ते पचलेलं रक्त असतं. त्यांच्या आसपास फिकट, पारदर्शक, पोकळ कात सापडते, आणि जिवंत ढेकूण असेल तर तो तिथेच सपाट होऊन बसलेला असतो: तांबूस तपकिरी, साधारण 5 मिलिमीटर लांब, रक्त प्यायला की लांबट आणि फुगीर. नुकतं जन्मलेलं पिल्लू दीड मिलिमीटरचं आणि इतकं फिकट असतं की पांढऱ्या कापडावर नजरेतून निसटतं. शिवणीनंतर पलंगाच्या डोक्याकडची फळी, स्क्रूची भोकं, प्लायच्या भेगा आणि पलंगामागची भिंत बघा. धातू आणि गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा लाकूड, कागद आणि कापड ढेकणांना जास्त मानवतं.

फसवणारे कीटकही आहेत. झुरळाचं पिल्लू लांब मिशांचं आणि चपळ असतं. गालिच्यातल्या भुंग्याची अळी केसाळ असते. ओलसर भिंतीवरचे बारीक पांढुरके कीटक रक्त पीत नाहीत. यांच्यावर ढेकणांचं औषध मारणं म्हणजे घरात उगाच विष पसरवणं.

काहीच सापडत नसेल पण संशय जात नसेल, तर पलंगाच्या पायांखाली ठेवायचे सापळे लावा. कडेला खोलगट चर असलेल्या या वाट्यांत ढेकूण उतरतो आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. एक अडचण आहे: उष्ण प्रदेशांत आढळणारी ढेकणाची जात अशा भिंतीवर बऱ्यापैकी चढू शकते. म्हणून सापळा रिकामा दिसला म्हणजे घर स्वच्छ, असा निष्कर्ष काढू नका.

उष्णता

अंड्यांच्या प्रश्नावर सर्वांत चांगलं उत्तर उष्णतेकडे आहे. 50 अंश सेल्सियसच्या वर ढेकूण आणि त्यांची अंडी, दोन्ही थोड्याच वेळात मरतात. 45 अंशांना मात्र तासापेक्षा जास्त वेळ लागतो आणि अंडी त्याहून चिवट असतात. औषध न जुमानणारा ढेकूणही या तापमानाला टिकत नाही.

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे कपडे. 60 अंशांच्या पाण्यात धुणं, किंवा ड्रायर पूर्ण गरम करून किमान अर्धा तास फिरवणं. पाण्यापेक्षा ड्रायरच महत्त्वाचा, आणि न धुता येणारे कोरडे कपडेही त्यात थेट टाकता येतात. कपडे खोलीतून उचलतानाच पिशवीत घालून तोंड बांधा, नाहीतर वाटेत ढेकूण सांडत जातात. पुस्तकं किंवा चामड्याच्या वस्तू उष्णतेला देता येत नसतील तर फ्रीझर आहे: उणे 18 अंशांना सलग चार दिवस.

वाफेचं यंत्र शिवणी, फळ्यांचे सांधे आणि सोफ्याच्या कडांसाठी उत्तम. इथे हात सावकाश चालला पाहिजे. तोंड रुंद आणि दाब कमी हवा, कारण जोराचा फवारा ढेकणांना मारण्याआधी उडवून लावतो. वाफ फिरवल्यावर लगेच त्या जागेचा पृष्ठभाग 70 अंशांच्या आसपास असायला हवा. वाफेची मर्यादाही स्पष्ट आहे: ती वरवरच्या फटींत पोहोचते, भिंतीच्या आत नाही. स्विचबोर्डजवळ तर नेऊच नका.

तिसरा प्रकार म्हणजे अख्खी खोली तापवणं. व्यावसायिक लोक मोठे हीटर आणि पंखे लावून हवा 50 अंशांच्या पुढे नेतात आणि कित्येक तास तिथेच ठेवतात. नीट झालं तर एका दिवसात अंड्यांसकट सफाया होतो. या ‘नीट’मध्येच सगळं आलं. कपाटातल्या कपड्यांच्या गठ्ठ्याचा मधला भाग, भिंतीलगतचा थंड कोपरा, या जागा तापल्या नाहीत तर ढेकूण तिथेच जाऊन बसतात. म्हणून तापमापक खोलीत किती ठिकाणी लावणार, हे आधीच विचारा. आणि उष्णता मागे काहीही ठेवत नाही: उद्या शेजारून एक गाभण मादी आली की सगळं पहिल्यापासून. घरगुती हीटर लावून हा प्रयोग स्वतः करू नका. खोली पुरेशी तापत नाही, आगीचा धोका मात्र खरा असतो.

औषधाची फवारणी

फवारणी स्वस्त पडते, सहज मिळते आणि औषधाचा थर काही काळ टिकतो; उष्णतेकडे जे नाही ते हेच. पण अंड्यांवर तिचा जोर कमी पडतो. म्हणून एकदाच फवारून हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या फवारणीनंतर दहा ते चौदा दिवसांनी दुसरी हवीच, आणि बरेचदा तिसरीही. मधल्या काळात अंडी फुटून बाहेर आलेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला लागण्याआधी गाठायची असतात.

दुसरी अडचण प्रतिकाराची. 1940 च्या दशकातच पर्ल हार्बरच्या नौदल बराकींतल्या ढेकणांवर डीडीटी चालेनासं झाल्याची नोंद आहे. आज दुकानांतल्या बहुतेक स्प्रेंत पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात आणि जगभरात कितीतरी ठिकाणचे ढेकूण त्यांना सरावले आहेत. औषध मारूनही ढेकूण आरामात चालताना दिसला तर मात्रा वाढवू नका, औषधाचा गट बदला. लेबलवर गादीसाठी परवानगी लिहिली नसेल तर झोपायच्या पृष्ठभागावर औषध मारायचं नाही. घरात बाळ, गर्भवती किंवा दम्याचा रुग्ण असेल तर मी फवारणी शेवटी ठेवेन आणि वाफ, ड्रायर, गादीचं कव्हर यांवर आधी भर देईन.

भुकटी

सिलिका जेलच्या भुकटीबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर. ती विषबाधा करून मारत नाही. ढेकणाच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर ती शोषून घेते, अंगातलं पाणी उडून जातं आणि तो वाळून मरतो. त्यामुळे पायरेथ्रॉइडला सरावलेला ढेकूणही तिला बळी पडतो. डायटोमेशियस अर्थ ही दुसरी भुकटी याच तत्त्वावर चालते, पण हळू; दोन्ही मिळत असतील तर मी सिलिका घेईन. अंडं भुकटीने मरत नाही. मात्र कोरडी राहिली तर भुकटी कित्येक महिने काम करते, त्यामुळे फुटून बाहेर आलेलं पिल्लू तिच्यावरून चालत गेलं की सापडतं. फवारणीला पुन्हा यावं लागतं, भुकटी तिथेच वाट बघत असते.

ती वापरायची कशी, इथे लोक चुकतात. ढीग करायचे नाहीत, ढेकूण ढिगाला वळसा घालून जातो. ब्रशने इतका पातळ थर द्यायचा की जेमतेम दिसेल, आणि तोही फक्त फटी, फळ्यांचे सांधे, भिंतीलगतची पट्टी अशा हात न लागणाऱ्या जागी. गादीवर, पंख्याखाली, मुलं खेळतात तिथे अजिबात नाही, कारण श्वासातून ती फुप्फुसांना त्रास देते. मास्क लावा आणि कीटकनाशक म्हणून विकली जाणारीच भुकटी घ्या. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी मिळणारी डायटोमेशियस अर्थ वेगळी असते, ती घरात चालत नाही.

ज्यांच्या वाटेला जाऊ नये

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या (धान्याच्या किडीवर वापरतात त्या) गोळ्या घरात कधीही ठेवू नका, कितीही खात्रीने कोणी सुचवल्या तरी. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपेत माणसं मारतो. अशा मृत्यूंत लहान मुलं असतात, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहितो आहे. रॉकेल, पेट्रोल किंवा स्पिरिट गादीवर ओतणं म्हणजे आगीला बोलावणं. धूर सोडणारे डबे आकर्षक वाटतात, पण 2012 साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी असे डबे तपासले तेव्हा फटीत लपलेल्या ढेकणांवर त्यांचा परिणाम जवळजवळ झाला नाही. अल्ट्रासाउंडच्या यंत्रांनी ढेकूण पळत नाहीत. गादी उन्हात टाकणं निरुपद्रवी आहे, पण जाड गादी आतपर्यंत तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. उन्हावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

स्वतः करायचं की माणूस बोलवायचा?

ढेकूण एकाच पलंगापुरते असतील, नुकते लक्षात आले असतील आणि घर स्वतंत्र असेल, तर स्वतः करणं शक्य आहे. कपडे ड्रायरमध्ये, पलंग खोलून सांध्यांवर वाफ, ती वाळल्यावर भेगांत भुकटी, गादीला चेन असलेलं पूर्ण कव्हर, पायांखाली सापळे. दीड-दोन महिने दर आठवड्याला टॉर्च घेऊन तपासणी. यात चिकाटी लागते, आणि ती नसेल तर आधीच माणूस बोलवावा.

दोन-तीन खोल्यांत पसरले असतील, किंवा भिंतीला भिंत लागून दुसऱ्याचं घर असेल, तर व्यावसायिकच बोलवा आणि शेजाऱ्यांना सांगा. लाजेने लपवून ठेवलं की ढेकूण भिंतीतून फिरत राहतात. ढेकूण अस्वच्छतेमुळे होत नाहीत. चकचकीत घरातही एका बॅगेतून येतात. पसाऱ्याने फक्त लपायच्या जागा वाढतात. येणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: आधी येऊन तपासणार का, औषध कुठल्या गटाचं, आणि पुन्हा किती वेळा येणार. फोनवरच एका फवारणीचा सौदा पक्का करणाऱ्याला नाही म्हणा.

या काळात दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. ढेकूण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागाने माणसापर्यंत येतात, तुम्ही हललात की तेही हलतात आणि एकाच्या दोन खोल्या होतात.

गादी टाकून द्यायची का?

बहुधा नाही. नवी गादी आणली आणि पलंगाच्या भेगा तशाच राहिल्या तर आठवड्यात तीही भरते. कव्हर घालून चेन बंद करा आणि वर्षभर उघडू नका. आतले उपाशी मरतात, बाहेरच्यांना आत शिवता येत नाही. गादी फाटलीच असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर ‘ढेकूण आहेत’ असं मोठ्या अक्षरांत लिहून टाका, म्हणजे दुसरं कोणी ती घरी नेणार नाही.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

ढेकणाला पंख नसतात. तो सामानातून येतो. प्रवासात मुक्कामाच्या खोलीत बॅग आधी न्हाणीघरात ठेवा, पलंगाची शिवण आणि डोक्याकडची फळी बघा, मगच सामान आत घ्या. बॅग जमिनीवर किंवा पलंगावर न ठेवता स्टँडवर ठेवा. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये आणि बॅगेच्या चेनीच्या कडा टॉर्चने तपासा. जुनं लाकडी फर्निचर किंवा सोफा घेताना तो उलटा करून खालचं कापड बघितल्याशिवाय उंबरठ्याच्या आत घेऊ नका. पलंग भिंतीपासून चार बोटं लांब सरकवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. पायांखालचे सापळे उपाय संपल्यावरही काही महिने तसेच राहू द्या, आणि चादर बदलताना त्यांत एकदा डोकावत जा.