स्टिकर 600चं, बॅटरी सेल 300चा

दुर्गम टॉवरसाठी सोलर घेणाऱ्यांनी वाचाच. स्टिकर बदलून माल खपवतात हे या धंद्यात कुणाला सांगायला नको. तरी आम्हाला गंडवलंच.

ऑर्डर अशी: 48 व्होल्टची बॅटरी बँक, म्हणजे एकत्र जोडलेले 2 व्होल्टचे 24 ट्युब्युलर जेल सेल, 10 तासांच्या दराने (म्हणजे 10 तासांत रिकामी केली तर) 600 अँपिअर-तास, 330 वॉटची 8 पॅनेलं, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचा जास्तीचा व्होल्टेज बॅटरीसाठी जादा करंटमध्ये बदलणारा). लोड 250 वॉट, म्हणजे दिवसाला साधारण 125 अँपिअर-तास. 80 टक्के डिस्चार्ज धरला तरी तीन दिवस उन्हाशिवाय निघायला हवेत. आभाळ भरून आलं आणि दुसऱ्याच रात्री साइट डाउन!

संताप येतो तो एकाच गोष्टीचा. 600चा असा सेल 45 किलोच्या पुढे भरतो, उचलायला दोघं लागतात. इथे एकेक हमाल एकेक सेल खांद्यावर टाकून टेकडी चढत होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! पण हातात तपासणीचा शिक्का मारलेला कागद असताना टेकडीवर वजनकाटा कोण नेतो? नंतर वजन केलं: 27 किलो, म्हणजे 300च्या सेलचं. फुल चार्ज करून 60 अँपिअरचा लोड दिला. 10 तास टिकायला हवी ती बँक सव्वाचार तासांत 43.2 व्होल्टला आली, म्हणजे रिकामी.

दर 10 तासांचा की 120 तासांचा, हे लेखी घ्या. हळू उपसली की बॅटरी जास्त देते, म्हणून 120 तासांचा आकडा फुगीरच असतो.

कंट्रोलरही बोगस. दोन-दोन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे 74 व्होल्टच्या आसपास. भर दुपारी डीसी क्लॅम्प मीटर लावला: पॅनेलकडून 30 अँपिअर, बॅटरीकडेही 30. खरा एमपीपीटी 52 व्होल्टच्या बॅटरीला 40 तरी देतो. आत साधा पीडब्ल्यूएम (पॅनेलचा करंट तसाच पुढे सोडणारा कंट्रोलर), वर एमपीपीटीचं लेबल. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पैसे देण्याआधी करा.

दाद मात्र कुठेच नाही. उत्पादक म्हणतो, हे सिरियल नंबर आमचे नाहीत. विक्रेता म्हणतो, सेलच्या तापमानाच्या नोंदी दाखवा. पोलिसांच्या मते ही दिवाणी बाब. ग्राहक तक्रार 'व्यावसायिक खरेदी' म्हणून परत. शिक्का मारणाऱ्या तपासनिसाचं उत्तर तर कहर: आम्ही फक्त नग मोजतो. 24 मोजले, 24 भरले!

40 टक्के आगाऊ आणि 50 टक्के माल पोचताच, असं कधीही मान्य करू नका. निदान 30 टक्के डिस्चार्ज टेस्टनंतरच. आमच्याकडे अडकवायला 10च उरले होते, आणि त्यावरही व्याज मागणारी विक्रेत्याची नोटीस आली आहे.