वर्गणी सगळ्यांची, जोडणी एकाच मीटरला

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवताना प्रत्येक घराकडून सारखी वर्गणी घेतली. कंपनीचा माणूस घरोघरी सांगत फिरला, "गच्ची सगळ्यांची, मग वीजही सगळ्यांची. प्रत्येकाचं बिल कमी होणार." पॅनेल बसले, चालूही झाले. घरांची बिलं मात्र जशीच्या तशी राहिली.

गोम जोडणीत होती. गच्चीवरची वीज आपोआप घराघरांत वाटली जात नाही. पॅनेलची वीज घरातल्या उपकरणांना चालेल अशी करणारा इन्व्हर्टर ज्या मीटरला जोडलेला असतो, त्याचंच बिल कमी होतं. आमची सगळी यंत्रणा लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या सामाईक मीटरला जोडली होती. तिथली गरज भागून उरलेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे सार्वजनिक वीजपुरवठ्याच्या जाळ्यात जायची, आणि करारातल्या एका कलमाप्रमाणे तिचा मोबदला 25 वर्षं पॅनेल बसवणाऱ्या कंपनीचा. एकाच यंत्रणेचे युनिट वेगवेगळ्या घरांच्या बिलांत वळते करायचे तर व्हर्च्युअल नेट मीटरिंग लागतं. त्याला वीज वितरण कंपनीच्या नियमांत मुभा असावी लागते. आमच्यासाठी तसा अर्जच केला नव्हता. जोडणीचा आराखडा ज्यांनी स्वतः काढला, त्यांना हे ठाऊक नव्हतं हे मला पटत नाही.

"दिवसा वीज गेली तरी पंखे चालतील," हीसुद्धा थापच. बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवतात. आमच्याकडे एका घरात आजाऱ्यासाठी ऑक्सिजनचं यंत्र चालतं. त्यांनी केवळ या शब्दावर पैसे भरले होते.

सगळ्यांत जास्त लुबाडले गेले ते भाडेकरू. स्वतःची गच्ची नसलेल्यांनाही सूर्याची वीज मिळावी, म्हणून तर अशा सामाईक योजना असतात! त्यांच्याकडून पूर्ण वर्गणी घेतली आणि घर सोडताना परतावा मागितल्यावर "हिस्सा घराबरोबरच राहतो" असं उत्तर दिलं.

सही करण्याआधी जोडणीच्या अर्जाची प्रत मागा. त्यावर तुमचा ग्राहक क्रमांक नसेल, तर बिल कमी होईल हे तोंडी आश्वासन धरून चालू नका. उरलेल्या युनिटचा मोबदला कुणाला, घर सोडल्यावर हिश्श्याचं काय, गच्ची गळली तर पॅनेल उतरवून परत बसवायचा खर्च कुणाचा, हे करारात लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका.

आम्ही लेखी तक्रार दिली आहे. घर सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या परताव्याची मागणीही तिच्यात आहे.